आहे तोच रंग

सरिता बोरसे माझ्या घरी पहिल्यांदा आली ती तिच्या पुतणीचा फोटो घेऊन. २०१२ सालची दिवाळी नुकतीच होऊन गेली होती. मी तेव्हा अथालला राहत होते आणि तिथल्याच मराठी शाळेत शिकवत होते. आमच्या इमारतीच्या मागे बारा खोल्यांची चाळ होती. तिथली बहुतेक माणसं अमळनेर-पारोळ्याकडची, आणि बायका-पुरुष सगळे राखोलीच्या कंपन्यांमध्ये कामाला. सरिताला मी बसच्या वाटेवर बघितलेलं होतं, पण बोलणं कधी झालं नव्हतं.

तिने फोटो टेबलावर ठेवला. स्टुडिओतला फोटो, मागे गुलाबी पडदा, पुढे साडी नेसलेली एक गोरीपान मुलगी.

"मॅडम, ही कोण?" तिने विचारलं.

"मला कसं माहीत असणार?"

"तुमच्याच शाळेत शिकली. वाल्मिक बोरसेंची तेजस्विनी."

मी पुन्हा बघितलं. तेजस्विनी दहावीपर्यंत माझ्या वर्गात होती. सावळी, रुंद कपाळाची, बोलताना भुवया वर करणारी मुलगी. फोटोतल्या मुलीला भुवया होत्या, पण बाकीचा चेहरा पुसून नवा काढल्यासारखा दिसत होता.

"हाई आमनी तेजू नही शे," सरिता अहिराणीत म्हणाली आणि मग घडलेलं सांगितलं. हा फोटो बायोडाटाला लावून तिच्या थोरल्या दिरांनी, म्हणजे तेजस्विनीच्या वडिलांनी, एक स्थळ बोलावलं होतं. मुलाकडचे पाच जण आले, तेजस्विनी चहा घेऊन बाहेर आली. मुलाच्या मावशीने फोटोकडे आणि मुलीकडे आळीपाळीने बघितलं आणि सगळ्यांसमोर म्हणाली, "फोटो दुसऱ्या कोणाचा पाठवला का?" चहा न घेता ते उठले. तेजस्विनी ट्रे धरून तिथेच उभी राहिली.

"मी आत्ता स्टुडिओत भांडून आले," सरिता म्हणाली. "तो कल्पेशभाई म्हणतो, सगळ्यांना गोरंच पाहिजे असतं, मी तरी काय करू? म्हणतो, एवढं कळतं तर तुम्हीच कॅमेरा घ्या हातात. तर मॅडम, मी घेऊन राहिले. कोणता घेऊ ते सांगा. शाळेत फोटो तुम्हीच काढता ना?"

काढत होते. शाळेने स्नेहसंमेलनासाठी एक छोटा डिजिटल कॅमेरा घेतला होता, साबणाच्या वडीएवढा, तो माझ्या पर्समध्ये असायचा. मी तिला मनापासून सल्ला दिला की असाच घे. हलका आहे, बटण दाबलं की फोटो येतो, बिघडायची भीती नाही. मोठा कॅमेरा लग्नाच्या फोटोग्राफरांसाठी असतो. तो शिकायला वेळ लागतो, आणि तुला कंपनी, घर, स्वयंपाक...

"म्हणजे माझ्यासाठी छोटा," ती म्हणाली. तिने ते रागाने म्हटलं नाही, पण मला लागलं.

त्या रविवारी ती मलाही दुकानात घेऊन गेली. बरोबर तेजस्विनी होती आणि सरिताचा नवरा गोकुळही. गोकुळ हा शांत माणूस. तो एका कंपनीत मशिन चालवायचा आणि त्याच्या मनात त्या वर्षी मोटरसायकल होती. सरिताच्या भिशीचा नंबर लागला होता आणि ते पैसे कुठे जायचे यावर घरात आठवडाभर बोलणं चाललं होतं. दुकानाच्या पायरीवर तो मला हळूच म्हणाला, "मॅडम, छोट्यावर भागेल ना? तुम्ही सांगितलं तर ती ऐकेल."

किलवणी नाक्याजवळ कल्पेशभाईचा स्टुडिओ होता आणि त्याला लागूनच त्याचंच कॅमेरे विकण्याचं दुकान. सरिता भांडून गेली होती तरी त्याने हसून स्वागत केलं. दुकानदार तो पक्का. त्याने काउंटरवर एक चंदेरी छोटा कॅमेरा ठेवला.

"बेन, हा घ्या. खिशात जाते, बटन दाबा, फोटो तय्यार."

"आणि तो?" सरिताने कपाटातल्या काळ्या कॅमेऱ्याकडे बोट दाखवलं.

"तो एसएलआर. तो प्रोफेशनल लोकांचा. तुम्हाला भारी पडेल. मेगापिक्सल तर दोघांत सरखेच आहे."

"सारखेच आहेत तर किमतीत एवढा फरक का?"

कल्पेशभाईने गोकुळकडे बघितलं. गोकुळने रस्त्याकडे बघितलं.

आता सरिता कंपनीत काय करायची ते सांगायला हवं. ती राखोलीच्या एका धाग्याच्या कंपनीत टेस्टिंगच्या लॅबमध्ये होती. तिथे रोज तयार झालेल्या बॉबिनींमधून थोडा थोडा धागा घेऊन एका गोल मशिनवर लांबलचक मोजा विणतात. एका मोज्यात चाळीस-पन्नास बॉबिनींचे पट्टे, एकाखाली एक. मग तो मोजा रंगवतात आणि ट्यूबच्या उजेडात धरून बघतात. एखादा पट्टा किंचित फिका किंवा गडद दिसला, तर ती बॉबिन बाजूला काढतात, कारण तशा धाग्याचं कापड विणलं तर त्यात रेघ उमटते. हे ओळखायला डोळा लागतो. सरिता आठ वर्षं हेच करत होती, आणि नव्या मुलींना दिसायचाही नाही असा फरक तिला खोलीच्या दुसऱ्या टोकावरून दिसायचा.

"दोन्हींनी हिचा फोटो काढा," ती म्हणाली. "इथेच, दुकानात. पावडर नाही, पडदा नाही. आणि दोन्ही छापून द्या. कॉम्प्युटरवर हात लावायचा नाही."

तेजस्विनी आधी तयार होईना. सरिताने तिला दाराजवळ उभं केलं, तिथे बाहेरचा उजेड एका गालावर येत होता. कल्पेशभाईने छोट्या कॅमेऱ्याने एक फोटो फ्लॅशशिवाय आणि एक फ्लॅश लावून काढला. मग मोठ्या कॅमेऱ्याने फ्लॅशशिवाय एक. फोटो छापून आले तसे सरिताने ते उचलले आणि दुकानाच्या ट्यूबखाली नेऊन एकाखाली एक धरले, अगदी मोजा धरतात तसे.

छोट्या कॅमेऱ्याच्या पहिल्या फोटोत तेजस्विनीचा चेहरा काळपट आणि रवाळ होता, गालावर हिरवट डाग आल्यासारखे. फ्लॅशच्या फोटोत कपाळ पांढरंफेक आणि मान काळी. तिसऱ्या फोटोत तेजस्विनी होती. गालाचा रंग एक, हनुवटीखालचा दुसरा, कानाजवळचा तिसरा, आणि तिन्ही तिचेच.

तेजस्विनीने तो फोटो हातात घेतला आणि बराच वेळ बघितला.

"मेगापिक्सल सारखे ना?" सरिता कल्पेशभाईला म्हणाली. "मग हे असं का? खरं सांगा, मला समजेल."

कल्पेशभाईने पेन काढलं. बिलाच्या मागे त्याने एक पोस्टाच्या तिकिटाएवढी चौकट काढली आणि बाजूला करंगळीच्या नखाएवढी. "प्रकाश इथं पडते," तो म्हणाला. "छोट्यामध्ये एवढीच जागा. कमी उजेड असला की ते धापा टाकते. आणि सावळा रंग असला तर..." तो थांबला.

"तर काय?"

"तर त्याला जास्त उजेड लागते, बेन. मोठ्यामध्ये निभावते."

"मग आमच्या बायकांना छोटा कशाला विकता? आमचेच चेहरे त्याला पेलवत नाहीत."

"तुम्हाला चालवता येणार नाही म्हणून म्हटलं."

"चालवता मशिनही येत नव्हतं," सरिता म्हणाली. "हा मोठा द्या."

गोकुळने माझ्याकडे बघितलं. मी तिसरा फोटो बघत होते.

कॅमेऱ्याबरोबर आलेलं पुस्तक इंग्रजीत होतं. पुढचे चार महिने सरिता कामावरून सुटली की माझ्याकडे यायची, मी वाचून मराठीत सांगायचे आणि ती वहीत लिहून घ्यायची. काही गोष्टी मला समजायच्या आधी तिला समजल्या. ट्यूबचा पांढरा आणि उन्हाचा पांढरा वेगळा, म्हणून कॅमेऱ्याला आधी पांढरं म्हणजे काय ते सांगावं लागतं, या पानावर मी अडखळत होते तर ती म्हणाली, "हे सोडा मॅडम, हे येतं मला." पांढऱ्या भिंतीपुढे सावळी बाई उभी केली की कॅमेरा भिंतीला घाबरून चेहरा अजून काळा करतो, हे तिने स्वतः शोधलं. मग ती लोकांना चाळीच्या निळ्या भिंतीपुढे उभं करू लागली. कॅमेरा हवाबंद डब्यात ठेवायची. डब्यात कंपनीच्या पार्सलांतून निघणाऱ्या, हवेतला ओलावा शोषणाऱ्या पुड्या. इथल्या पावसात भिंगांवर बुरशी चढते असं कल्पेशभाईने तिला एकदा सांगितलं होतं. तिच्या भिंगावर ती कधीच चढली नाही.

त्या निळ्या भिंतीपुढे तिने तेजस्विनीचा फोटो पुन्हा काढला. तो तिने वाल्मिकभाऊंना दिला तेव्हा मी तिथे होते. वाल्मिकभाऊ तिचे थोरले दीर, चाळीत त्यांचा शब्द चालायचा, आणि सरिता त्यांच्यासमोर डोक्यावर पदर घ्यायची.

त्यांनी फोटो बघितला. "काळी आली."

"आहे तशी आली, भाऊ."

"हा कल्पेशकडे ने. थोडा उजळून आण."

"नाही नेणार."

पदर डोक्यावर होता आणि आवाज खालीच होता. पण चाळीतल्या गप्पा थांबल्या. गोकुळ जिन्यावर बसला होता, तो उठून उभा राहिला.

"आहे तशी दाखवली तर दारात येईल कोण?" वाल्मिकभाऊ म्हणाले.

"येईल तो हिला बघून येईल. मागचे आले होते ते कल्पेशभाईने बनवलेल्या पोरीला बघायला."

"तू शहाणी झालीस. माझ्या पोरीचं वाटोळं झालं तर तू भरून देशील?"

तेव्हा आतून तेजस्विनी बाहेर आली. तिने वडिलांच्या हातून फोटो घेतला. "बाबा, ते लोक उठून गेले तेव्हा ट्रे माझ्या हातात होता," ती म्हणाली. "तुमच्या नाही. हाच फोटो जाईल, नाहीतर कोणताच नाही."

वाल्मिकभाऊ पुढे दीड वर्ष सरिताशी बोलले नाहीत. एकाच चाळीत, चार दारं सोडून. सणाला ताटं वेगळी झाली. सरिताची सासू कोंडाबाई गावाहून आली तर तिला सकाळी एका घरी आणि संध्याकाळी दुसऱ्या घरी जेवायला जावं लागायचं, आणि दोन्ही घरी ती सरितालाच बोल लावायची. सरिताला याचं दुःख नव्हतं असं नाही. एकदा वही मिटून ती माझ्याकडे नुसतीच बसून राहिली. "मी चुकले का, मॅडम?" असं विचारेल असं मला वाटलं. तिने विचारलं ते वेगळंच. "त्यांना तो फोटो खरंच वाईट दिसला असेल का वो? बापाला?"



तेजस्विनीचा बायोडाटा त्याच फोटोसकट फिरला. काहींनी कळवलं, काहींनी कळवलंच नाही. मधल्या काळात तिने बी.एस्सी. पुरी केली, एका रंगाच्या कंपनीत नोकरी धरली आणि तिथल्याच अनंत नावाच्या मुलाशी लग्न ठरवलं. लग्नात वाल्मिकभाऊंनी सरिताला स्वतः हळद लावायला बोलावलं. त्या दोघांमधलं बोलणं तिथून पुन्हा सुरू झालं. माफी वगैरे कोणी कोणाची मागितली नाही.

दरम्यान रविवारी सरिताच्या भिंतीपुढे रांग लागायला लागली होती. फॉर्मसाठी, ओळखपत्रासाठी, कधी नुसतीच हौस म्हणून. पॅकिंगमधल्या बायका यायच्या, राखोलीच्या पलीकडच्या पाड्यांवरच्या वारली मुली यायच्या. ती कोणालाही उजळून द्यायची नाही. त्यामुळे गिऱ्हाइकं जायचीसुद्धा. किलवणीच्या एका लग्नाचं काम तिने साखरपुड्यानंतर सोडलं, कारण मुलाच्या आईला नवरी मुलासारखीच गोरी दिसायला हवी होती. कल्पेशभाई तिला भेटला की चिडवायचा, "लोकांना गोरं व्हायचंय, बेन, तुम्ही का नडता?" ती म्हणायची, "चुना लावायचं काम तुमचं. मला जमत नाही."

मग तीन वर्षांपूर्वी तिच्या कंपनीने गेटवर चेहरा ओळखून हजेरी घेणारं मशिन बसवलं. त्यासाठी सगळ्या कामगारांचे फोटो ठेकेदाराच्या सुपरवायझरने आपल्या मोबाइलवर काढले. सोमवारी सकाळी मशिन सुरू झालं आणि पॅकिंगच्या अकरा बायकांना त्याने आत सोडलं नाही. लाल दिवा लागायचा आणि मशिन म्हणायचं, चेहरा जुळत नाही. सुपरवायझर ओरडत होता, "चेहरा पोंछो, सीधा देखो." तासाभराने आत घेतलं, पण अर्धी हजेरी मांडली. मंगळवारी तेच. त्या दिवशी तो म्हणाला, "कल पावडर लगाके आना."

सरिताचा चेहरा मशिनने ओळखला होता. ती आत जाऊ शकत होती. ती बुधवारी अकरा जणींबरोबर बाहेरच थांबली आणि तिने ऑफिसच्या माणसाला गेटवर बोलवायला सांगितलं. कामगारांचं बघणारे रमाकांत साहेब आले. मुंबईचे, सभ्य माणूस, पण घाईत.

"सरिताबाई, तुम्ही लॅबचं काम बघा. हा मशिनचा प्रश्न आहे."

"लॅबचंच काम करून राहिले, साहेब. मला ते फोटो दाखवा."

फोटो गेटच्या केबिनमधल्या कॉम्प्युटरवरच होते. तिने बघितले आणि तिला हसू आलं. त्या मोबाइलमध्ये चेहरा आपोआप गुळगुळीत आणि गोरा करायची सोय होती, आणि सुपरवायझरने ती चालूच ठेवली होती. चेहरा जितका सावळा तितका तो जास्त बदलला होता; अकराही जणी पिठाच्या बाहुल्यांसारख्या दिसत होत्या.

"मशिन बरोबर आहे, साहेब," ती म्हणाली. "या बायका ह्या नाहीतच. रंगाची शेड चुकलीय. पावडर लावून या सांगता? बायकांनी तुमच्या फोटोसारखं व्हायचं की फोटोने बायकांसारखं?"

"मग आता काय करायचं म्हणता?"

"फोटो परत काढायचे. मी काढते. तोवर ह्या इथेच बसतील, आणि मी पण."

त्या अकराही जणी खरोखर गेटसमोर खाली बसल्या. त्यांतली एक, गुड्डी नावाची मुलगी, कामावर लागून महिनाही झाला नव्हता, तीही बसली. शिफ्ट सुरू व्हायची वेळ टळली होती आणि माल भरायचा ट्रक उभा होता. रमाकांत साहेबांनी घड्याळ बघितलं आणि मान हलवली. सरिताने गोकुळला फोन केला. त्याला रात्रपाळीहून येऊन अर्धा तास झाला होता, तरी तो कॅमेऱ्याचा डबा घेऊन आला. पाण्याच्या टाकीच्या सावलीत, करड्या भिंतीपुढे तिने अकरा जणींना एकेक करून उभं केलं. कोणी पदर सारखा केला, कोणी केस. "हसू नको ग, मशिनला हसणं कळत नाही," ती गुड्डीला म्हणाली, आणि त्यावर सगळ्याच हसल्या.

नऊ जणींना त्याच दिवशी हिरवा दिवा लागला. दोघींचे फोटो दुसऱ्या दिवशी परत काढावे लागले. कापलेली हजेरी मिळायला महिना गेला, पण मिळाली.

आणि सरिताला मेमो आला. कंपनीच्या आवारात परवानगीशिवाय कॅमेरा आणल्याबद्दल तीन दिवसांत लेखी खुलासा करावा. तो कागद घेऊन ती माझ्याकडे आली. तोवर मी निवृत्त होऊन नरोलीला राहायला आले होते, तरी ती बस बदलून आली.

मी खुलासा लिहायला घेतला. कॅमेरा साहेबांसमोर, त्यांनी होकार दिल्यावर आणला, कामगारांची अडचण दूर करण्यासाठी आणला, वगैरे सभ्य भाषेत लिहिलं. तिने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "शेवटी लिहा, पुन्हा गरज पडली तर पुन्हा आणीन."

मी लिहिलं, 'भविष्यात अशी गरज उद्भवल्यास योग्य त्या परवानगीने...'

तिने माझ्या हातावर हात ठेवला. "तसं नाही, मॅडम. मी बोलले तसं."

"अगं, नोकरीचा प्रश्न आहे."

"माहीत आहे मला."

मी ती ओळ खोडली आणि तिच्या शब्दांत लिहिली. तिने कागद एकदा पूर्ण वाचला, खाली सावकाश सही केली, सरिता गोकुळ बोरसे, टेस्टिंग लॅब, आणि मला म्हणाली, "आता चहा टाका. शेवटची बस साडेसातची आहे."